फेसाची शहानिशा

त्र्यंबकेश्वरी कुशावर्त कुंडाकडे जाणाऱ्या वाटेवर, शाम्पूच्या पुड्यांची माळ टांगलेल्या एका दुकानाशी, एक सासू आणि तिची सून यांचा संवाद मागे कानी पडला. "अहो आई, ही नको, यात सल्फेट आहे, कर्करोग होतो म्हणतात," असे सून सांगत होती. आणि "फेस आल्याशिवाय केस धुतल्यासारखं वाटतच नाही बघ," असे सासूबाईंचे उत्तर होते. दोघींच्या बोलण्यात एकेक गैरसमज होता, म्हणून त्यांची शहानिशा करणे अगत्याचे वाटते.

ज्या द्रव्याचा हा बभ्रा झाला ते सोडियम लॉरिल सल्फेट. खोबरेल किंवा पामच्या बियांतील गराचे तेल यांपासून मिळणाऱ्या बारा कार्बनांच्या अल्कोहोलाची गंधकाम्लाशी वा तत्सम द्रव्याशी क्रिया घडवून, मग कॉस्टिक सोड्याने ते उदासीन केले की हे तयार होते. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते, तर लांब शेपटी पाणी टाळून तेलाला बिलगते. शेपट्या आत आणि टोके बाहेर असे रेणूंचे सूक्ष्म गोळे बनतात व केसांवरचा तेलकट मळ पोटात घेऊन पाण्याबरोबर निघून जातात. हे कार्य फेसाचे नव्हे. फेस म्हणजे रेणूंच्या पातळ पापुद्र्यात कोंडलेली हवा. तो कमी आला म्हणून मळ राहिला असे मानण्यास आधार नाही.

कर्करोगाविषयी सांगायचे तर, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हे द्रव्य कर्करोगकारकांच्या यादीत नोंदलेले नाही. वदंतीला खतपाणी मिळाले ते बहुधा त्याच्या सौम्य भावंडामुळे: लॉरेथ सल्फेट बनवताना डायॉक्सेन नावाच्या संशयित द्रव्याचा अंश मागे राहू शकतो, आणि तो काढून टाकणे ही कारखानदाराची जबाबदारी आहे. मात्र लॉरिल सल्फेट निरुपद्रवी आहे असेही कोणी समजू नये. त्वचेचा दाह किती होतो हे पारखताना त्वचारोगतज्ज्ञ याच द्रव्याचा मापदंड म्हणून वापर करतात. आणि १९८३ साली अमेरिकेतील प्रसाधन-घटकांची परीक्षा करणाऱ्या तज्ज्ञमंडळाने, त्वचेवर राहून जाणाऱ्या पदार्थांत त्याचे प्रमाण १ टक्क्याहून अधिक नसावे, असा निर्वाळा दिला.

"मग आपली रिठा-शिकेकाईच बरी," असे कोणी म्हणेल. रात्रभर भिजवलेला रिठा सकाळी चोळताना जो दाट पांढरा फेस हातावर चढतो, तोही सॅपोनिन नावाच्या फेनक द्रव्याचाच. आणि सॅपोनिनयुक्त वनस्पती डोहात कुटून टाकून मासे गुंगवण्याची रीत अनेक देशांत फार जुनी आहे. वनस्पतिजन्य म्हणजे अहिंसक, हे समीकरण पाण्यातल्या जीवांना लागू पडत नाही.

मला खरी चिंता वाटते ती येथील गोदावरीच्या पाण्याची. लॉरिल सल्फेट जंतूंकडून लवकर विघटित होते हे सत्य. १९५० ते १९६५ च्या सुमारास युरोप-अमेरिकेतील नद्यांवर फेसाचे डोंगर उभे करणाऱ्या चिवट द्रव्यांसारखे ते नाही. परंतु विघटनास काही दिवसांची मुदत लागते, आणि मासा तितके दिवस थांबू शकत नाही. लिटरमागे काही मिलिग्रॅमपासून काही दशक मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाणही पुष्कळ जलचरांना घातक ठरते. सहा मिलीलिटरच्या पुडीत शेकडा दहा फेनक धरला, तर ते ६०० मिलिग्रॅम होतात; म्हणजे ६० लिटर पाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅम एवढे प्रमाण एकाच पुडीने गाठता येते. ब्रह्मगिरीहून निघालेली गोदावरी येथे अजून किती कृश असते, आणि गावात तिच्या पात्रावर काँक्रीट घातल्याची तक्रार राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत कशी गेली, हे ज्यांनी पाहिले-ऐकले आहे, त्यांना भरल्या नदीत ही पुडी बुडवणे आणि उगमापाशी ती सोडणे यांतला फरक वेगळा सांगावा लागणार नाही.

सासूबाईंनी अखेर पुडी घेतली, पण पदराच्या गाठीशी बांधली. कुशावर्तात दोघींनी नुसत्या बुड्या मारल्या, आणि केस मुक्कामाच्या न्हाणीघरात धुवायचे ठरवून त्या ओलेत्याने देवळाकडे निघाल्या.