बॅटरी काढा, चाकू खिशातच राहू द्या

ईडीसी म्हणजे रोज खिशात असणाऱ्या वस्तू: छोटी बॅटरी, घडीचा चाकू. शहरात हा छंद. आमच्या अनसिंगला रात्रीची लाइन आली, की हरभरा भिजवायला जाणाऱ्याची ती गरज.

बॅटरी घेताना नुसते लुमेन पाहू नका. १८६५० सेल बदलता येतो का, मध्यम उजेडावर किती तास टिकते, ते बघा. उजेड पायापुढे पाडा, कारण मण्यार रात्रीच फिरते. तिचा दंश बरेचदा दुखतही नाही, सुजतही नाही.

साप चावलाच तर चाकूने चिरा देऊ नका, दोरीने आवळू नका. पाय न हलवता, गाडीवर बसवून थेट सरकारी दवाखाना गाठा. विषावर इलाज लस आहे, पातं नाही. चाकू सुतळी कापायला ठेवा.