एकच यादी

टेबलावर रेशनकार्ड आलं की रंगाची चौकशी होत नाही. पिवळं की केशरी ते दिसतंच. पहिला प्रश्न असतो, "ऑनलाइन नोंदीचा बारा आकडी नंबर पडलाय का?"

मुंबईत गोवंडीतल्या एका वस्तीत रेशनसाठी मदत करणारा गट रविवारी समाजमंदिरात बसतो. तिथे सर्वांत जास्त येतात ती हातात कार्ड असून धान्य न मिळणारी माणसं. कार्डावर शिक्का असतो, घरातल्या सहाही जणांची नावं असतात, पण ऑनलाइन दोघांचीच चढलेली असतात. प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी 5 किलो मिळतं. म्हणजे 30 किलोच्या जागी त्या घरात 10 किलो येतं, आणि सहाजण त्यात भागवतात.

नावं का गळली हे शोधायला निवृत्त बँक कर्मचारी असलेले काका आणि उर्दू शाळेतल्या एक बाई शेजारी शेजारी बसतात. काका आधारवरचं नाव अक्षर अक्षर वाचतात, बाई कार्डावरचं. एकीकडे 'मो.', दुसरीकडे 'मोहम्मद', तिसऱ्या कागदावर 'मुहम्मद'. माणूस एकच, पण नोंदीत तीन. बाईंना त्या घरांची नावं ठाऊक आहेत, काकांना अर्ज कसा लिहिला म्हणजे परत येत नाही ते ठाऊक आहे. एकट्यादुकट्याचं हे काम नाहीच.

बोटांचं प्रकरण मावशींकडे असतं. जालन्याकडून आलेल्या या मावशी चार घरची भांडी घासतात आणि त्यांचाच अंगठा रेशन दुकानातल्या मशीनवर उमटत नाही. नाक्यावर सिमेंट कालवणाऱ्यांचीही तीच गत. मावशी इतर बायकांना शिकवतात: हात धुवा, कोरडे करा, दहाही बोटं लावून बघा, मागच्यांनी गलका केला तरी हलू नका. एवढं करूनही नाही जुळलं, तर प्लॅस्टिकच्या पिशवीतला कागद पुढे करायचा. बोट जुळलं नाही म्हणून खऱ्या लाभार्थ्याला धान्य नाकारू नका, असं केंद्र सरकारनं 2017 मध्ये राज्यांना लेखी कळवलेलं आहे. मावशींना वाचता येत नाही, पण त्यातली कुठली ओळ दाखवायची ते पाठ आहे.

हा गट सहज जमलेला नाही. सुरुवातीला प्रत्येक गल्ली आपापली यादी घेऊन आली. मराठवाड्याकडच्यांची वेगळी, उत्तर प्रदेशवाल्यांची वेगळी, तमिळ घरांची वेगळी. आपल्या माणसांचं आधी व्हावं ही इच्छा चुकीची कशी म्हणायची? रिकामा डबा ज्याच्या त्याच्या घरातच असतो. पण तिन्ही याद्यांना कार्यालयातून उत्तर एकच मिळालं, "इष्टांक शिल्लक नाही." तेव्हा कायद्याच्या वर्गात शिकणाऱ्या एका मुलीनं तो इष्टांक काय असतो ते फळ्यावर मांडून दाखवलं. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं महाराष्ट्राला सुमारे 7 कोटी लोकांची मर्यादा घातली, तीही 2011 च्या जनगणनेवरून. त्यानंतर जन्मलेलं मूल, सासरी आलेली सून, गाव सोडून आलेलं कुटुंब, सगळ्यांनी त्याच आकड्यात मावायचं. शहरात वर्षाला 59,000 रुपयांची उत्पन्नमर्यादा म्हणजे महिन्याला 5,000 सुद्धा नाहीत. नवरा नाक्यावर, बायको धुण्याभांड्याला, की घर मर्यादेबाहेर! मला हा हिशेब संतापजनक वाटतो. दोघांनी राबावं आणि त्याच कारणानं ताटातलं धान्य जावं?

त्या दिवशी भांडण गल्लीगल्लीत उरलं नाही. तिन्ही याद्यांची एक यादी झाली. क्रम ठरला तो विधवा, आजारी, एकटे म्हातारे असा. रांग सांभाळणाऱ्या तृतीयपंथी ताईंनी आणखी एक रकाना मागितला: घरच्यांनी कार्डावरून नाव काढलेल्यांचा. तो रकाना आता यादीत आहे.

अन्नासाठी असं वेगवेगळ्या लोकांनी एकत्र येणं मुंबईला नवं नाही. 1972 मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायकांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली आणि लाटणी घेऊन हजारो गृहिणी रस्त्यावर आल्या. इथलं काम त्यामानानं शांत आहे. घोषणा नाहीत, कागद आहेत.

कार्यालयात सोमवारी कोण जाणार, हे रविवारीच ठरतं. मजुरी बुडणाऱ्यांनी फक्त अंगठ्यासाठी यायचं. अर्ज नेणं काकांचं आणि त्या मुलीचं. अर्ज दिला की पोच घ्यायचीच, शिक्का आणि आवक क्रमांकासकट. पोच नसेल तर अर्ज दिलाच नव्हता असं ऐकावं लागतं. बाजूच्या वहीत मृत्यू आणि स्थलांतरानं रिकाम्या झालेल्या जागाही टिपल्या जातात, कारण त्या जागांवर नवी नावं चढू शकतात. सध्याची मागणी आहे ती पात्र कुटुंबांची यादी दुकानाबाहेर लावण्याची. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 11 प्रमाणे ती यादी सर्वांना दिसेल अशी जाहीर करणं सरकारवर बंधनकारकच आहे. या मागणीच्या अर्जावर सह्या सुरू आहेत, आणि पहिल्या सह्यांमध्ये एका रेशन दुकानदाराचीही आहे. धान्य कमी आलं की शिव्या त्यालाच खाव्या लागतात.