यंत्राची पडताळणी

सिडनीच्या पश्चिमेस, वेंटवर्थव्हिल आणि टूंगाबी या रेल्वेस्थानकांच्या मध्ये वसलेल्या पेंडल हिल या उपनगरात, जुने घर पाडून नवी जोडघरे उठवण्यापूर्वी जमिनीची हद्द कायम करण्यास आलेला मोजणीदार रस्त्याच्या कडेला तिपाई रोवतो, तेव्हा तिच्यावरचे रोबोटिक टोटल स्टेशन पाहणाऱ्यास सजीव भासते. कारण प्रिझमची काठी घेऊन तो कुंपणाच्या कोपऱ्याकडे चालू लागला, की यंत्र आपण होऊन वळते, त्याचा माग ठेवते आणि कोन व अंतर टिपून घेते. १९९० साली स्वीडनच्या जिओट्रॉनिक्स कंपनीने असे यंत्र बाजारात आणल्यापासून दोघांचे काम एकट्याच्याने होऊ लागले खरे; परंतु दुर्बिणीला लागलेला मनुष्याचा डोळा त्याच वेळी तेथून दूर झाला, याचे महत्त्व मला त्या सोयीहून कमी वाटत नाही.

म्हणूनच यंत्राचे दोष आधी ओळखून ठेवावे लागतात. त्यांपैकी कोनाचा दोष ओळखण्याचा शिरस्ता जुनाच आहे. एका खुणेचे वाचन घ्यावे, दुर्बीण उलटी करून यंत्र अर्धे फिरवावे आणि तीच खूण पुन्हा पाहावी. दोन वाचनांत १८० अंशांहून जो फरक उरेल, त्याचा निम्मा भाग यंत्राचा दोष. रोबोटिक यंत्रात प्रिझम शोधणारा कॅमेरा आणि दुर्बिणीतील नेम धरण्याच्या आडव्या-उभ्या तारा यांचे केंद्र जुळते की नाही, हेही निराळे तपासावे लागते. कारण एका सेकंदाचा कोनदोष २०० मीटरांवर सुमारे एक मिलिमीटर होतो.

अंतराची परीक्षा मला विशेष सुंदर वाटते. सपाट जागी एका रेषेत तीन खुंट्या ठोकाव्या. पहिलीपासून दुसरी ४०.००३ मीटर, दुसरीपासून तिसरी ६०.००३ आणि पहिलीपासून तिसरी १००.००३ भरली, तर तुकड्यांची बेरीज सबंध अंतराहून तीन मिलिमीटरांनी अधिक येते, आणि यंत्र व प्रिझम यांची जोडी प्रत्येक मापात तेवढी भर घालते, हे खरी लांबी ठाऊक नसतानाही सिद्ध होते. प्रिझम बदलले, की हा अंक बदलू शकतो.

मात्र यंत्राची मोजपट्टीच मुळात ताणलेली असेल, तर या खुंट्या मूक राहतात. तेथे आधीच प्रमाणित झालेली लांबीच हवी. लांबी अशी ताडून पाहण्याची रीत जुनी आहे. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात बिदरजवळ १८४१ साली अँड्र्यू वॉ यांनी पितळ आणि लोखंड यांच्या जोडपट्ट्यांनी, म्हणजे उष्णतेने लांबी पालटू नये अशा योजनेने, सुमारे आठ मैलांची पायारेषा, म्हणजे पुढील मोजणीचा आधार ठरणारी रेषा, जमिनीवर मोजली, तेव्हा सिरोंजच्या पायारेषेपासून त्रिकोणांच्या मालिकेने गणित करून आणलेल्या लांबीशी तिचा फरक साडेचार इंचांच्या आतच राहिला. न्यू साउथ वेल्समध्ये आज यंत्राची लांबी ताडण्याचे काम काँक्रीटच्या खांबांच्या प्रमाणित पायारेषेवर होते. निदान वर्षातून एकदा, तसेच दुरुस्तीनंतर लगेच, अंतरमापक यंत्र पडताळून घेणे कायद्याने मोजणीदारावर बंधनकारक आहे.

तेथून परतल्यावर उरतो तो हवेचा प्रश्न. उष्णतामान एका अंशाने पालटले, की प्रकाशाने मोजलेल्या अंतरात दर दहा लाख भागांत सुमारे एक भाग फरक पडतो. म्हणून पश्चिम सिडनीतील उन्हाळ्यात, जेथे सकाळचे वीस अंश दुपारी चाळीसवर जातात, पहाटे यंत्रात भरलेले तापमान दुपारी तसेच राहू दिले तर ५०० मीटरांत एक सेंटिमीटरची चूक शिरते, आणि ती पकडण्यास मोजणीदाराच्या पेटीतील साधा तापमापक पुरेसा असतो.