ही ‘डफरीन’ कोण?

होस्टेलवर अमरावतीचा एक तरी रूममेट असतोच. त्याला जन्म कुठला विचारा, हमखास ‘डफरीनचा’ म्हणेल. कागदोपत्री ते जिल्हा स्त्री रुग्णालय, पण ऑटोवाल्याला ‘डफरीन’ एवढंच सांगायचं. तिकडे सोलापुरात तर डफरीन चौकच आहे. पण ही डफरीन कोण, म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

एमपीएससीवाल्यांना तिचा नवरा पाठ असतो. लॉर्ड डफरीन, व्हाइसरॉय, १८८४ ते १८८८. त्याच्याच काळात काँग्रेस स्थापन झाली आणि जाता जाता त्यानंच तिला मूठभरांची म्हणून हिणवलं. ब्रह्मदेशाचा उरलेला भाग गिळला तोही यानंच. एक मार्काचा प्रश्न, विषय संपला.

बायकोचं नाव हॅरियट. जन्म १८४३ चा, आयर्लंडमधल्या किलिले किल्ल्यातला. माहेर बड्या जमीनदारांचं. या घराण्याचं डफरीन घराण्याशी पिढ्यान्‌पिढ्या वाकडं होतं. का, तर किल्ला यांचा आणि किल्ल्याच्या दरवाजाची जागा त्यांची! आपल्याकडच्या बांधाच्या भांडणासारखंच की हे. शेवटी डफरीननं दरवाजा नव्यानं बांधून परत दिला आणि १८६२ मध्ये त्याच घरची मुलगी लग्न करून नेली. मग नवऱ्याच्या नोकरीपायी कॅनडा, रशिया, तुर्कस्तान असं बिऱ्हाड फिरत राहिलं.

भारतात निघताना व्हिक्टोरिया राणीनं तिच्यावर एक काम सोपवलं: इथल्या बायकांच्या औषधोपचाराचं बघ. तेव्हा पुरुष डॉक्टरसमोर जायचं नाही म्हणून कितीतरी बायका बाळंतपणात तशाच जायच्या. हॅरियटनं १८८५ मध्ये फंड काढला. संस्थानिकांकडून वर्गण्या घेतल्या, हिंदुस्तानी शिकायला शिकवणी लावली. फंडातून बायकांचे दवाखाने निघाले, मुलींना डॉक्टरकीसाठी शिष्यवृत्त्या मिळाल्या, नर्स आणि सुइणी तयार झाल्या. पुढच्याच वर्षी, १८८६ मध्ये, आपली आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन आली. १८८७ च्या फेब्रुवारीत ती गेली, वय अवघं एकवीस.

सगळं गोडच होतं असं नाही. फंडाच्या वरच्या जागा बहुतेक युरोपियन डॉक्टरणींना मिळायच्या, आपल्या मुली खालच्या पगारावर. शिवाय राज्य करणाऱ्यांनाही अशा पुण्याईची गरज असतेच. मला हे दोन्ही खरं वाटतं: फंड सरकारची शोभा होता, आणि त्याच्यामुळे बायका वाचल्याही. ती स्वतः इथून आईला लांबलचक पत्रं लिहायची. त्यांचंच पुढे पुस्तक झालं. त्यात मेजवान्या आणि नाचाचे समारंभ भरपूर आहेत, हेही सांगायला हवं.

नवरा १९०२ मध्ये गेला. त्याआधी निवृत्तीत तो एका कंपनीचा अध्यक्ष झाला होता. ती बुडाली आणि नावाला बट्टा लागला. तिला चार मुलगे, तीन मुली. थोरला १९०० मध्ये बोअर युद्धात गेला. एक १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात, एक १९१८ मध्ये आजारानं, आणि शेवटचा १९३० मध्ये विमान अपघातात. चारही मुलगे तिच्या डोळ्यांदेखत गेले. त्यानंतरही ती सहा वर्षं जगली.