अंगावरून पांढरं जातं, म्हणजे नेमकं काय?

मेडिकलच्या दुकानात संध्याकाळी गर्दी असते. एखादी बाई मागे रेंगाळते, बाकीची गिऱ्हाइकं पांगली की पुढे होते आणि हळूच म्हणते, "खाजेवरची एखादी ट्यूब द्या ना." खाज कुठे, किती दिवसांपासून, हे दुकानदार विचारत नाही आणि ती सांगत नाही. कागदात गुंडाळलेली ट्यूब पर्समध्ये जाते. त्या ट्यूबमध्ये बरेचदा तीन औषधं एकत्र असतात: एक बुरशीवरचं, एक जंतूंवरचं आणि तिसरं स्टेरॉइड. दोन दिवसांत खाज थांबते ती बहुतांशी स्टेरॉइडमुळे. ते त्वचेचा दाह दाबून टाकतं, बुरशी मात्र मारत नाही. उलट वारंवार लावलं तर त्वचा पातळ होते आणि बुरशीला मोकळं रान मिळतं.

या दुखण्याला आपल्याकडे धड नावच नाही. "अंगावरून पांढरं जातंय" एवढंच बोललं जातं आणि त्यात सगळं कोंबलं जातं. मुळात थोडा पांढरट किंवा पारदर्शक स्राव जाणं हा आजारच नाही. पाळीच्या साधारण मध्यावर तो अंड्यातल्या पांढऱ्यासारखा तारदार होतो, गरोदरपणात वाढतो. खाज, आग किंवा दुर्गंधी नसेल तर त्याला औषध लागत नाही. "पांढरं गेलं की हाडं झिजतात, कंबर दुखते" हे कित्येक घरांत आजीपासून नातीपर्यंत आलेलं आहे. त्या स्रावात पाणी, श्लेष्मा आणि झडलेल्या पेशी असतात, हाडांतलं काही नसतं. कंबरदुखीची आणि थकव्याची कारणं वेगळी शोधायला हवीत. थकव्याचं कारण अनेकदा रक्त कमी असण्यात सापडतं.

यीस्टचा संसर्ग यापेक्षा वेगळा ओळखू येतो. कॅन्डिडा नावाची ही बुरशी एरवीही आपल्या तोंडात, आतड्यात, योनिमार्गात थोड्या प्रमाणात असते. तिथले लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू तिला आवरून धरतात. हा तोल बिघडला की ती माजते. मग असह्य खाज सुटते, बाहेरची त्वचा लाल होऊन सुजते, लघवी करताना आग होते, आणि स्राव फाटलेल्या दुधासारखा, गुठळ्यांचा होतो. त्याला वास जवळपास नसतो. माशासारखा वास येत असेल किंवा हिरवट, फेसाळ स्राव असेल, तर दुखणं दुसरं आहे आणि त्याचं औषधही दुसरं. हा फरक घरबसल्या ओळखणं वाटतं तितकं सोपं नाही. "यीस्टच झालंय" असं स्वतःच ठरवून औषध विकत घेणाऱ्या ९५ बायकांची अमेरिकेत तपासणी झाली होती. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत जेमतेम एकतृतीयांश जणींना नुसता यीस्टचा संसर्ग निघाला.

तोल का बिघडतो? याला आपल्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे "अंगात उष्णता झाली". धणे-जिऱ्याचं पाणी आणि सब्जा खुशाल प्या, त्यानं नुकसान नाही, पण बुरशीला त्याचा पत्ताही लागत नाही. खरी कारणं वेगळीच आहेत. सर्दी-खोकल्यासाठी घेतलेलं अँटिबायोटिक रोगजंतूंबरोबर ते राखणदार जिवाणूही मारतं. गरोदरपणात संप्रेरकं वाढतात. आणि मधुमेह असतो, कधी कधी त्या बाईला अजून माहीत नसलेला. इथं एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, आणि २०२० नंतर त्या भारतात बऱ्याच स्वस्त झाल्यामुळे खूप लोक घेतात. लघवीत साखर म्हणजे बुरशीला मेजवानीच. या गोळ्या घेणाऱ्या पुरुषांनाही शिश्नाच्या टोकाशी लाली आणि खाज येऊ शकते. गोळी मनानं बंद करू नका, पण डॉक्टरांना सांगायला लाजूही नका.

अस्वच्छतेचा आरोप तर सगळ्यात जुना. वस्तुस्थिती बरेचदा उलटी असते. साबण, जंतुनाशक, सुगंधी वॉश वापरून आतून धुणाऱ्या बाईचा तोल लवकर बिघडतो. योनिमार्ग स्वतःला साफ ठेवतो. बाहेरून साधं पाणी पुरे. दही पोटात जाऊ द्या, आत लावू नका. विरजणातले जिवाणू म्हणजे ते राखणदार नव्हेत. पावाचं यीस्टही निराळ्या जातीचं, त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

आणि चारित्र्याचा प्रश्न. यीस्टचा संसर्ग लैंगिक आजारांत मोजला जात नाही. कधीच संबंध न आलेल्या मुलीलाही तो होतो. नवऱ्याला त्रास नसेल तर त्याला औषधाची गरज नसते. गोंधळ होतो तो बहुधा यामुळे, की लैंगिक आजारांवरच्या सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये स्रावाच्या तक्रारीवर जे हिरवं किट मिळतं, त्यात दुसऱ्या जंतूंवरच्या गोळीसोबत बुरशीवरची फ्लुकोनाझोलही असते. एकाच पाकिटात आल्यामुळे दोन्ही दुखणी एकाच जातीची होत नाहीत.

निदान पक्कं असेल तर उपचार सोपे आहेत. फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची एकच गोळी, किंवा रात्री झोपताना योनीत ठेवायची क्लोट्रिमॅझोलची गोळी. आराम पडायला दोन-तीन दिवस लागतात. तासाभरात फरक नाही म्हणून दुसरी गोळी घेऊ नये. गरोदर बाईनं पोटातून फ्लुकोनाझोल टाळायचं असतं, तिला सात दिवसांचा योनीतला उपचार देतात. वर्षात तीन किंवा जास्त वेळा त्रास झाला तर तो वारंवार होणारा संसर्ग. त्याला सहा महिने आठवड्याला एक गोळी असा लांबचा उपचार लागतो, आणि त्याआधी रक्तातली साखर तपासावी लागते. पाळी थांबलेल्या बाईला पुन्हा पुन्हा खाज येत असेल तर यीस्टवर शिक्का मारण्याआधी डॉक्टरांनी नीट पाहायला हवं, कारण त्या वयात हा संसर्ग कमी होतो आणि त्वचेचे इतर आजार त्याचं सोंग घेतात.

ताप, ओटीपोटात दुखणं, रक्त जाणं किंवा गरोदरपण असेल तर मेडिकलची पायरी चढूच नका, थेट डॉक्टरांकडे जा. एरवीही एकदा तपासून घ्या. स्रावाचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला फार वेळ लागत नाही.