लाल दिवा लागला, आता लेखी कळवा!

युरोपातल्या मोठ्या बँकांना दरवर्षी एक विचित्र गृहपाठ असतो : आपण बुडायला आलो आहोत अशी कल्पना करा आणि त्यातून कसे सावरणार ते लिहून काढा. किमान तीन कथानकं हवीत. एकात साऱ्या बाजारावर संकट, दुसऱ्यात फक्त आपल्यावर, तिसऱ्यात दोन्ही एकदम. साऱ्या जगाला हादरवू शकतील अशा अवाढव्य बँकांना चौथंही लिहावं लागतं. आणि ‘शेवटी सरकारने पैसे दिले’ हा शेवट चालत नाही! २०१४ च्या युरोपीय कायद्याची तशी अटच आहे. २००८ च्या आर्थिक संकटानंतर बँका वाचवताना करदात्यांच्या खिशातून इतकं गेलं होतं, की तहान लागल्यावर विहीर खणायची सवय मोडणं भाग होतं.

दिवे कुठे कुठे?
सावरायला कधी लागायचं, हे सांगणारे धोक्याचे दिवे या योजनेतच बसवलेले असतात. भांडवल, रोखता, नफा आणि कर्जांचा दर्जा हे चार प्रकार सक्तीचे. शेअरचा भाव, पतमानांकन, देशाची आर्थिक वाढ हेही यादीत असतात. यांपैकी एखादा आपल्याला लागू नाही असं बँकेला वाटलं, तर का ते पटवून द्यावं लागतं. युरोपीय नियामकांच्या मार्गदर्शक सूचनांच्या यादीत चक्क बदनामीचा धोकाही आहे. (बदनामी टक्क्यांत कशी मोजायची, हे बँकेने ठरवावं.)

हिरवा-पिवळा-लाल ही रचनाही सूचनांतच सुचवलेली आहे. लाल रेघ कायद्याच्या किमान मर्यादेच्या वर आखायची, म्हणजे हातपाय हलवायला वेळ उरतो.

लाल म्हणजे थांबा? छे!
सगळ्यात गमतीची गोष्ट ही. लाल दिवा लागला म्हणून बँकेने काही करायलाच हवं, असं कायदा म्हणत नाही. दिवा लागला तरी संचालक मंडळ ‘सध्या काही नको’ म्हणू शकतं आणि दिवा न लागताही पावलं उचलू शकतं. फक्त निर्णय काहीही असो, तो नियामकाला लगेच कळवायचा. ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ ही पळवाट बंद. दिव्यापेक्षा या कळवण्यालाच संचालक जास्त घाबरत असावेत, असा आमचा अंदाज.

करोनाकाळात बँकांना नियमांत सवलती मिळाल्यावर दिव्यांच्या रेघाही खाली आणण्याचा मोह होणं साहजिक होतं. २०२१ च्या सुधारित सूचनांनी बजावलं : तात्पुरती सवलत मिळाली म्हणून रेघ आपोआप हलणार नाही.

महिना की एक दिवस?
नियामकाने मागितले तर सगळ्या दिव्यांचे आकडे दर महिन्याला देता यायला हवेत. रोखीच्या बाबतीत महिना म्हणजे युगच. स्पेनच्या बँको पॉप्युलरमधून ठेवी झरझर निघून गेल्या आणि जून २०१७ मध्ये सांतांदेरने ती अख्खी बँक एका युरोला घेतली. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून ९ मार्च २०२३ या एका दिवसात ४२ अब्ज डॉलर गेले. म्हणजे जवळपास चौथा हिस्सा! दुसऱ्या दिवशी बँक बंद. रोखीच्या दिव्याकडे रोज बघावं लागतं ते यासाठी.

खोटी आग
ब्रिटनचा नियामक बँकांना सावरण्याच्या योजनेची, आगीच्या कवायतीसारखी, रंगीत तालीम करायला सांगतो. वरिष्ठ अधिकाऱ्यांना बसवायचं, खोटं संकट समोर टाकायचं आणि बघायचं, कोण कोणाला फोन करतो.

आणि आपल्याकडे?
युरोपात लाल रेघ बँक स्वतः आखते, आपल्याकडे ती रिझर्व्ह बँक आखते. तत्पर सुधारात्मक कृती, म्हणजे बँकवाल्यांच्या तोंडी ‘पीसीए’, डिसेंबर २००२ पासून आहे. निव्वळ एनपीए (तरतूद वजा जाता थकलेल्या कर्जांचं प्रमाण) ६ टक्क्यांवर पोहोचला की पहिली पायरी, ९ वर दुसरी, १२ वर तिसरी. इथे ‘सध्या काही नको’ म्हणायची सोय नाही. पहिल्याच पायरीवर लाभांशावर बंधन येतं, दुसरीवर नव्या शाखांवरही.

पुणेकरांना हे आठवत असेल. मार्च २०१७ अखेर बँक ऑफ महाराष्ट्रचा निव्वळ एनपीए ११ टक्क्यांच्या वर होता. जूनमध्ये बँक पीसीएत गेली आणि ३१ जानेवारी २०१९ ला बाहेर आली. मार्च २०२४ ला तोच आकडा होता ०.२० टक्के. पीसीएच्या काळात खातेदार मात्र धास्तावले होते. सर्वसामान्यांच्या व्यवहारांवर याने बंधन येत नाही, असा खुलासा रिझर्व्ह बँकेला करावा लागला होता.

अजून एक फरक. १ जानेवारी २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने पीसीएतला नफ्याचा दिवा काढूनच टाकला. युरोपात तो अजून सक्तीचा आहे.