खुर्ची जुनी, बैठक नवी

मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटवर जुन्या वस्तूंची दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत. ग्रामोफोनचे कर्णे, चिनी मातीच्या बरण्या, डायलचे काळे टेलिफोन, हंड्या-झुंबरं आणि छतापर्यंत रचलेल्या खुर्च्या. ‘जुनं सागवानी काही आहे का’ असं विचारत येणाऱ्यांच्या जोडीला आता ‘मिड-सेंच्युरी आहे का’ असं विचारणारी तरुण जोडपीही येतात. त्यांना हवं असतं ते विसाव्या शतकाच्या मध्यावरचं सामान: पाय तिरके आणि सडपातळ, नक्षीकामाला फाटा, सागवानाची सोबत करायला वेत.

या ओढीला चंदीगडनं मोठं बळ दिलं. पंजाबची ही नवी राजधानी उभी राहत असताना वास्तुकार पिएर जानरे १९५१ मध्ये भारतात आला, १९६५ पर्यंत राहिला आणि त्यानं व त्याच्या भारतीय सहकाऱ्यांनी कचेऱ्या, न्यायालय, विद्यापीठ यांच्यासाठी साग आणि वेताच्या खुर्च्या आखल्या. उलट्या ‘व्ही’सारखे पाय ही त्यांची ओळख. पुढे त्या मोडक्या ठरल्या, गच्च्यांवर उन्हापावसात पडल्या, भंगाराच्या भावात लिलावात गेल्या. युरोपातल्या व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, दुरुस्त केल्या आणि परदेशी लिलावांत त्यांना लाखांनी भाव येऊ लागला. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयानं चंदीगडच्या या वारशाची विक्री थांबवण्याचे आदेश काढले. मात्र १९७२ चा पुरावस्तू कायदा अशा वस्तूंना लागू होतो त्या शंभर वर्षांच्या झाल्यावर, आणि या खुर्च्या अजून सत्तरीच्या घरात आहेत. एकदा देशाबाहेर पोचलेली खुर्ची परत आणणं म्हणूनच फार अवघड.

मुंबईला मात्र चंदीगडकडे बघायची गरज नाही. मरीन ड्राइव्ह, ओव्हल, दादर, माटुंगा इथल्या आर्ट डेको इमारतींतली घरं ब्रह्मी सागाच्या फर्निचरनं भरलेली होती. इराणी हॉटेलांत वाफेनं वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या होत्या. त्यांचं कूळ थेट मिखाएल थोनेटच्या १८५९ च्या चौदा नंबरच्या खुर्चीपर्यंत जातं. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट एवढ्यात ती उभी राहायची आणि सुट्या भागांच्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या. इमारत पुनर्विकासाला गेली, हॉटेल बंद पडलं, की हे सामान चोर बाजारात किंवा जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात येतं.

यातलं लाकूड पुन्हा पन्नास वर्षं चालेल. फाटलेली असते ती बैठक. आणि या खुर्चीचं सगळं कसब त्या बैठकीतच आहे.

हातानं विणलेल्या बैठकीच्या चौकटीला चारी बाजूंनी साधारण अर्ध्या अर्ध्या इंचावर भोकं असतात. विणणारा वेताच्या सालीच्या पट्ट्या आधी पाण्यात भिजवतो. कोरडी पट्टी वाकवली तर तडकते. चकचकीत बाजू वर ठेवून तो पहिली फेरी मागून पुढे ओढतो, दुसरी आडवी. या दोन फेऱ्या मुद्दाम थोड्या सैल ठेवाव्या लागतात, कारण पुढची प्रत्येक फेरी त्यांना ताणत जाते. तिसरी पुन्हा उभी, पहिलीच्या किंचित बाजूला. चौथी आडवी, आणि इथून खरं विणकाम सुरू होतं, एकीवरून, एकीखालून. सुटू पाहणारं टोक भोकात छोटी खुंटी ठोकून धरायचं. मग एक तिरपी फेरी, तिला छेदणारी दुसरी तिरपी, आणि आठकोनी जाळी उमटते. शेवटी कडेनं भोकं झाकणारी पट्टी. ओला वेत वाळताना आखडतो आणि बैठक ताठ होते. सरावलेल्या हातालाही एका बैठकीला दिवस-दोन दिवस लागतात.

तिरप्या पट्टीवरून बोट फिरवलं, की काम कसं झालंय ते कळतं. बरोबर विणलेली तिरपी पट्टी उभ्या-आडव्या जोड्यांच्या कोपऱ्यात अलगद बसते आणि सहज सरकते. चुकीच्या बाजूनं गेलेली अडते, कडेला घासते आणि थोड्याच काळात तिचे तंतू सुटू लागतात. ही पारख डोळ्यांपेक्षा बोटांची आहे. म्हणूनच अंधांच्या शाळांत आणि कर्मशाळांत खुर्च्या विणायचं शिक्षण देण्याची परंपरा जुनी. सरकारी कचेऱ्यांतही या कामावर अंध कारागीर नेमले जात आणि त्यावर कितीतरी संसार उभे राहिले.

कचेऱ्यांनी फोमच्या फिरत्या खुर्च्या घेतल्या, घरांत प्लॅस्टिकच्या आल्या आणि ते काम आटलं. आता मागणी परतली आहे, पण हात कमी उरलेत. इंडोनेशियानं २०१२ पासून कच्च्या वेताची निर्यात रोखली, त्यामुळे चांगला वेत मिळवण्याचीही ओढाताण. मग सोपा मार्ग निघतो: भोकं बुजवायची, कडेनं खाच पाडायची आणि यंत्रावर विणलेली तयार जाळी त्यात ठोकून बसवायची. काही ठिकाणी प्लॅस्टिकची पट्टी वेताच्या रंगात रंगवून वापरतात. कुठे जाळीच्या जागी प्लायवूड ठोकून वर गादी टाकतात. एकदा भोकं बुजली, की त्या खुर्चीची हातविणीची वाट जवळपास बंदच.

नकलांचं दुखणं वेगळंच. चंदीगडच्या खुर्च्या मुळात अनेक छोट्या कारखान्यांत बनल्या, त्यामुळे अस्सल खुर्च्यांतही मापं थोडीफार बदलतात, आणि नक्कल करणाऱ्याचं याच फरकामुळे फावतं. मूळ खुर्चीवर पुष्कळदा खात्याचं नाव आणि नंबर रंगवलेला असतो. पण नंबर रंगवणं काही अवघड नाही. त्यापेक्षा खुर्ची उलटी करावी. सांध्यात लाकडाचं टोक लाकडातच बसवलंय की चार फाट्यांच्या नव्या स्क्रूवर सगळा भार आहे, पायाच्या तळाला झीज सारखी आहे का, वाळवीची बारीक भोकं आहेत का, हे उजेडात बघावं. चोर बाजारात शुक्रवारी दुकानं बंद असतात आणि पहाटे रस्त्यावर बाजार भरतो. तिथे जायचं तर बॅटरी बरोबर हवीच.

भाव पाडताना एवढं ध्यानात ठेवा, की दुकानदार घासाघीस लाकडावर सोसत नाही. काटछाट होते ती विणकऱ्याच्या मजुरीत. म्हणून खुर्ची फाटक्या बैठकीसकट घ्या, चौकटीची भोकं शाबूत आहेत ना ते बघा आणि विणायला कारागिराकडे स्वतः द्या. तो मागेल ती मजुरी द्या. वेतावर वॉर्निश चढवू देऊ नका आणि एसीच्या खोलीत ती ठेवणार असाल, तर अधूनमधून बैठकीच्या खालच्या बाजूनं ओलं फडकं फिरवा.